टंगस्टनचा रॉड कोण निवडतो?

दुधाच्या टाकीचा, औषधी कारखान्यातील नळीचा अथवा साखर कारखान्यालगतच्या आसवनीतील एखाद्या उंच स्तंभाचा चकचकीत सांधा पाहणाऱ्याला तो सांधा माणसाच्या हातून झाला आहे याची सहसा आठवण होत नाही. माशाच्या खवल्यांप्रमाणे एकावर एक बसलेली ती बारीक वळी एखाद्या यंत्राने उमटवल्यासारखी दिसते. वास्तविक ती एका माणसाच्या स्थिर हाताची, रोखून धरलेल्या श्वासाची आणि कित्येक वर्षांच्या सरावाची निष्पत्ती असते. पुस्तकांत या पद्धतीला टिग वेल्डिंग म्हणतात. भोसरीपासून वाळूजपर्यंतच्या शेडमध्ये मात्र ती नुसती 'आर्गॉन' म्हणून ओळखली जाते. या आर्गॉन वेल्डरच्या टॉर्चमध्ये पेन्सिलीतील शिसाएवढी जाड टंगस्टनची एक काडी असते आणि तिच्या एका टोकाला रंगाचा पट्टा असतो. तो रंग कोणता असावा हे कोण ठरवितो, एवढाच येथे प्रश्न आहे. प्रश्न किरकोळ वाटतो. परंतु कामगाराचे कौशल्य, त्याचे फुप्फुस आणि कामगार चळवळीची आजवरची एक सवय, या तिन्ही गोष्टी त्यात गुंतलेल्या आहेत.

काडीचे काम काय, हे आधी पाहिले पाहिजे. साध्या वेल्डिंगमध्ये रॉड स्वतःच वितळून सांध्यात जातो. टिगमध्ये तसे होत नाही. टंगस्टन हा सुमारे ३,४०० अंश सेल्सियसपर्यंत न वितळणारा धातू असल्याने ही काडी केवळ विजेचा आर्क पेटवते आणि धरून ठेवते. भरावाची तार वेल्डर दुसऱ्या हाताने देतो आणि भोवती आर्गॉन वायूचे आवरण हवेला दूर ठेवते. पद्धतीचा जन्म युद्धाच्या गरजेतून झाला. अमेरिकेतील नॉर्थ्रॉप विमान कारखान्यात रसेल मेरेडिथ यांनी १९४१ च्या सुमारास मॅग्नेशियमचे भाग जोडण्यासाठी ती सिद्ध केली. त्या वेळी वायू हेलियम होता. विमानासाठी निघालेली ही विद्या आज हॉटेलच्या स्वयंपाकघरातील ओट्यापासून बसच्या कठड्यापर्यंत सर्वत्र पोहोचली आहे.

आता धातूप्रमाणे काडी बदलते, आणि निवडीचे खरे शास्त्र येथे सुरू होते. लोखंड, स्टेनलेस, तांबे, टायटॅनियम यांचे काम डी.सी.वर, काडी ऋण टोकाला ठेवून होते. अशा जोडणीत उष्णतेचा मोठा भाग जॉबवर जातो, काडी तुलनेने थंड राहते आणि तिला पेन्सिलीसारखे टोक काढता येते. ॲल्युमिनियमची गोष्ट वेगळी. हा धातू ६६० अंशांना वितळतो, पण त्याच्या अंगावरचा ऑक्साइडचा पापुद्रा दोन हजारांहून अधिक अंशांपर्यंत वितळत नाही. म्हणजे आतले पाणी झाले तरी वरची कातडी शाबूत. ती फोडण्यासाठी ए.सी. प्रवाह लागतो, त्याच्या प्रत्येक उलट्या अर्ध्या फेऱ्यात पापुद्रा फुटतो, परंतु त्याच क्षणी काडी तापते आणि तिच्या टोकाचा गोळा होऊ लागतो. जुन्या ट्रान्सफॉर्मरच्या मशीनवर म्हणूनच ॲल्युमिनियमसाठी हिरव्या पट्ट्याची शुद्ध टंगस्टनची किंवा पांढऱ्या अथवा तपकिरी पट्ट्याची झिर्कोनियममिश्रित काडी वापरीत. झिर्कोनियमवाल्या काडीचा गोळा टिकून राहतो आणि तिचे कण सांध्यात सहसा पडत नाहीत. आजच्या इन्व्हर्टर मशीनवर ए.सी.ची लाट हवी तशी वळविता येते. त्यामुळे लँथेनमची काडी किंचित बोथट करून ॲल्युमिनियमवरही उत्तम चालते.

शुद्ध टंगस्टन डी.सी.वर मात्र आर्क पेटविण्यास हट्टी असतो. त्यात दोनएक टक्के दुसऱ्या एखाद्या धातूचा ऑक्साइड मिसळला की इलेक्ट्रॉन सहज सुटतात, आर्क पहिल्या ठिणगीला पेटतो आणि टोक लांबवर टिकते. हा मिसळीचा पदार्थ कोणता, यावर पट्ट्याचा रंग ठरतो. लाल म्हणजे २ टक्के थोरियम, करडा म्हणजे सीरियम, काळा, सोनेरी व निळा म्हणजे अनुक्रमे १, १.५ व २ टक्के लँथेनम. सीरियमची काडी कमी प्रवाहावर, पातळ पत्र्यावर आणि बारीक नळ्यांवर विशेष चांगली. लँथेनमची काडी पातळ-जाड, डी.सी.-ए.सी. अशा दोन्ही कामांना पुरणारी. लाल काडीची ख्याती मोठी आहे ती जड प्रवाहावर तिचे टोक टिकते म्हणून, आणि कित्येक दशके दुसरी बरी काडी बाजारात नव्हती म्हणूनही. (रंगांचा घोळ स्वतंत्रच आहे. जुन्या अमेरिकन पद्धतीत नारिंगी म्हणजे सीरियम, तर जुन्या आंतरराष्ट्रीय पद्धतीत नारिंगी म्हणजे ४ टक्के थोरियम. जुन्या पेटीतली काडी ज्याच्या हाती पडेल त्याने काय समजावे?)

लाल पट्ट्याची अडचण अशी की थोरियम हा किरणोत्सारी पदार्थ आहे. अडीच मिलिमीटरच्या आतबाहेर जाडीची, १५० मिलिमीटर लांबीची काडी घेतली तर तिचे वजन तेरा ग्रॅमच्या आसपास भरते आणि त्यात सुमारे पाव ग्रॅम थोरियम ऑक्साइड असतो. त्याचा अर्धायुष्यकाल सुमारे १,४०० कोटी वर्षे. याचा अर्थ तो अत्यंत मंद गतीने किरण सोडतो, आणि हे किरण मुख्यत्वे अल्फा जातीचे असल्याने कागदाच्या कपट्याने किंवा कातडीच्या वरच्या थराने अडतात. काडी हातात धरून, खिशात ठेवून अथवा तिने वेल्डिंग करून कामगाराला कर्करोग होतो असे कोणी सांगत असेल, तर तो अडाणीपणा तरी करीत आहे किंवा सनसनाटी तरी. चळवळीने भयाचा व्यापार करू नये. मालकाच्या इंजिनिअरने एकदा अशी अतिशयोक्ती उघडी पाडली की पुढच्या दहा खऱ्या तक्रारी हास्यास्पद ठरतात.

खरा धोका आर्कमध्ये फारसा नाही. तो ग्राइंडरवर आहे. काडीला दिवसातून अनेकदा टोक काढावे लागते, कारण वितळलेल्या धातूला ती चुकून टेकली की टोक खराब होते. टोक काढताना काडीच्या लांबीच्या दिशेने घासायची असते, आडवी नव्हे. आडव्या ओरखड्यांमुळे आर्क भरकटतो. हे काम ज्या ग्राइंडरवर लोखंडाच्या पट्ट्या घासतात त्याच ग्राइंडरवर होते. बहुधा ते वेल्डर करीत नाही, त्याचा हेल्पर करतो. तो सतरा-अठरा वर्षांचा असतो, ठेकेदाराचा असतो, आणि तोंडाला रुमाल असलाच तर तो उन्हाचा असतो. घासताना उडणारी धूळ इतकी बारीक असते की ती श्वासाबरोबर फुप्फुसाच्या तळाशी जाऊन बसते. जो अल्फा किरण कातडी भेदू शकत नाही, त्याच्यासमोर तेथे कातडीच नसते. थोरियम शरीरात शिरून राहिला तर काय करतो, हे वैद्यकाला १९३० ते १९५० च्या दशकांत एका भयंकर मार्गाने कळले: क्ष-किरण चित्रासाठी थोरोट्रास्ट नावाचे थोरियमचे द्रावण रुग्णांच्या शिरांत टोचले जाई, आणि त्यांच्यापैकी अनेकांना कित्येक वर्षांनंतर यकृताचा कर्करोग झाला. शिरेत टोचलेले द्रावण आणि ग्राइंडरची धूळ यांची मात्रा एक नाही, हे मान्य केलेच पाहिजे. धुळीतून मिळणारी मात्रा पुष्कळदा अल्प असते. परंतु जेथे त्याच कामाची बिनकिरणांची काडी त्याच दुकानात मिळते, तेथे अल्प धोकादेखील कामगाराने का पत्करावा, याचे उत्तर मालकाने द्यावयाचे आहे.

येथे केरळचे उदाहरण पुढे केले जाते. कोल्लम जिल्ह्यातील चवरा-करुनागपल्ली किनाऱ्याच्या वाळूत मोनाझाइट आहे, मोनाझाइटमध्ये थोरियम आहे, आणि पिढ्यान्‌पिढ्या माणसे त्या वाळूवर घरे बांधून राहत आहेत. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या दीर्घ पाहणीत तेथील लोकांत कर्करोगाचे प्रमाण वाढलेले आढळले नाही. पाहणी खरी आहे. पण ती वाळूतून बाहेरून येणाऱ्या किरणांविषयी आहे. वाळूचे पीठ करून ते हुंगण्याविषयी नव्हे. किनाऱ्यावर राहणारा मच्छीमार आणि बंद शेडमध्ये ग्राइंडरवर वाकलेला हेल्पर यांना एका मापाने मोजणे हे शास्त्र नाही, सोय आहे.

या वाळूची कथा थोडी सांगण्याजोगी आहे. १९०९ साली एका जर्मन रसायनतज्ज्ञाला त्रावणकोर संस्थानात मनवलकुरिचीच्या किनाऱ्यावर मोनाझाइट सापडले. त्या काळी युरोपातील रस्त्यांवर गॅसचे दिवे होते आणि त्यांच्या जाळीला पांढरा लख्ख उजेड थोरियममुळे येई. महाराष्ट्रात लग्नाच्या वरातीत ज्या गॅसबत्त्या मोलकरणी डोक्यावर घेऊन चालत, त्यांची जाळीही त्याच जातीची. उजेड नवरदेवावर आणि ओझे बाईच्या डोक्यावर, ही वाटणी तेव्हाही होतीच. वाळू परक्या कंपन्यांनी जहाजे भरभरून नेली. स्वातंत्र्यानंतर १९५० साली इंडियन रेअर अर्थ्स ही सरकारी कंपनी स्थापन झाली आणि १९५२ साली केरळात आलुवा येथे तिचा कारखाना सुरू झाला. मुद्दा असा की त्याच मोनाझाइटमध्ये थोरियमच्या शेजारी सीरियम आणि लँथेनमही असतात, आणि तेही थोरियमपेक्षा कितीतरी अधिक प्रमाणात. लाल काडीतला विषारी शेजारी आणि निळ्या-करड्या काडीतले निरुपद्रवी शेजारी एकाच मुठीतल्या वाळूतून निघतात. निवड निसर्गाने अडविलेली नाही, राष्ट्राच्या गरिबीनेही नाही.

मग ती अडते कोठे? किमतीत म्हणावे तर लाल आणि निळ्या-सोनेरी काडीच्या किमतीत असे अंतर नाही की कारखाना बुडेल. टंगस्टन स्वतः महाग आहे हे खरे. जगातील बहुतांश टंगस्टन चीन काढतो आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये त्याने टंगस्टनसह पाच धातूंच्या निर्यातीवर परवान्याची बंधने घातली. परंतु ती महागाई सर्व रंगांच्या काड्यांना सारखीच लागू आहे. उलट काडी जितकी महाग तितकी ती बुडखा हातात येईपर्यंत घासली जाते, दोन्ही टोकांनी घासली जाते, आणि पहिला बळी रंगाच्या पट्ट्याचा जातो. पट्टा गेला की काडी लाल होती की निळी, हे सांगण्याचा उपाय शेडमध्ये उरत नाही. रंगाचे टोक कधीही घासू नये हा नियम कोठल्याही आय.टी.आय.मध्ये पहिल्या महिन्यात शिकविण्याजोगा आहे.

निवड अडते ती सवयीत आणि सत्तेत. खरेदी विभागाचा कारकून अथवा ठेकेदार मागल्या वेळच्या बिलावर जे लिहिले होते तेच पुन्हा मागवितो. मागल्या वेळी लाल होती, म्हणून या वेळी लाल. ज्याने कधी टॉर्च हातात धरलेली नाही तो टॉर्चमधली काडी ठरवितो, आणि ज्याने वीस वर्षे त्या आर्ककडे काळ्या काचेतून पाहिले आहे त्याला विचारले जात नाही. राममनोहर लोहिया यांनी १९५२ साली पचमढीच्या अधिवेशनात लहान यंत्राचा आग्रह धरला होता. एका माणसाला उचलता येईल आणि घरगुती विजेवर चालेल असे आजचे इन्व्हर्टर मशीन हे आकाराने नेमके तसले यंत्र आहे. मात्र लोहियांना अभिप्रेत असलेले यंत्र आकाराने लहान आणि ताब्याने श्रमिकाचे होते. आकार लहान झाला, ताबा होता तेथेच राहिला.

वेल्डरचा स्वतःचाही एक आक्षेप आहे आणि तो उडवून लावणे चूक ठरेल. हात लाल काडीला बसलेला असतो. तुकड्यावर मजुरी असेल तर नव्या काडीने पहिल्या आठवड्यात दोन सांधे फुकट गेले की त्याची भरपाई त्याच्याच पगारातून होते. म्हणून तो म्हणतो, लालच बरी. त्याला व्याख्यानाने उत्तर मिळणार नाही. दीड अथवा दोन टक्के लँथेनमची काडी प्रवाहाच्या त्याच आकड्यावर, त्याच मशीनवर, लाल काडीच्या सर्वांत जवळचे वर्तन करते. टोक आर्कमध्ये नीट टिकते आणि वारंवार घासावे लागत नाही. हे त्याला त्याच्याच जॉबवर, पगार न कापता, चार दिवस करून पाहू दिले पाहिजे. बदल सुचविणाऱ्या कार्यकर्त्याने ते चार दिवस मालकाकडून मागून घेतले नाहीत, तर वेल्डर त्याच्याकडे मालकाच्या माणसाकडे पाहावे तसाच पाहील, आणि ते योग्यच असेल.

चळवळीने येथे स्वतःकडेही पाहावयास हवे. धुळीचा प्रश्न निघाला की युनियनने धोकाभत्ता मागावा, मालकाने थोडी घासाघीस करून तो द्यावा आणि धूळ होती तशीच उडत राहावी, हा रिवाज जुना आहे. मुंबईच्या गिरणगावात कापसाच्या तंतूंनी हजारो छात्या पोखरल्या. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या ऐतिहासिक संपात वेतन, बदली कामगारांची कायम नेमणूक आणि औद्योगिक संबंध कायद्याचे जोखड हे प्रश्न न्याय्य रीतीने अग्रभागी होते. छातीतल्या कापसाचा प्रश्न त्या रांगेत पुढे आला नाही. त्यात नेत्यांचा दोष कमी आणि पोटाच्या निकडीचा अधिक होता. पण भत्त्याची रक्कम म्हणजे रोगाची आगाऊ उचल, हे एकदा नीट ओळखले की मागणीपत्राची भाषा बदलते. पैसे नकोत, लाल काडी काढा, असे म्हणता येते. मालकाला ते भत्त्यापेक्षा स्वस्तही पडते, हा विनोद अलाहिदा.

कायद्याचा आधार किती? भोपाळच्या हत्याकांडानंतर १९८७ साली कारखाना अधिनियमात जी दुरुस्ती झाली तिने कामावरील आरोग्य व सुरक्षेविषयी माहिती मागण्याचा हक्क कामगाराला दिला. २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आलेल्या व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहितेतही असा हक्क नमूद आहे. तो वापरला जात नाही, कारण काय मागावे हे ठाऊक नसते. काडीच्या पेटीबरोबर उत्पादकाचे सुरक्षा-माहितीपत्रक मागता येते आणि थोरियमचा उल्लेख तेथे काळ्यावर पांढरे सापडतो. परंतु याच संहितेने विजेवर चालणाऱ्या कारखान्याची व्याख्या १९४८ च्या कायद्यातील दहा कामगारांवरून वीसवर नेली आहे. फॅब्रिकेशनच्या शेडमध्ये बारा-पंधरा माणसे असतात. ज्या शेडमध्ये लाल काडी सर्वाधिक निष्काळजीपणे घासली जाते, नेमकी तीच शेड कारखाना या शब्दातून बाहेर पडली आहे. तेथे युनियनचा फलक नाही, तपासनीस फिरकत नाही आणि हेल्पर वर्षाला तीन ठेकेदार बदलतो.

म्हणून अशा ठिकाणी दाब वरून, म्हणजे काम देणाऱ्यावर आणावा लागेल. शेडमधल्या टाक्या आणि नळ्या जातात कोणाकडे? सहकारी दूध संघांकडे, साखर कारखान्यांकडे, सरकारी रुग्णालयांकडे, महानगरपालिकांकडे. त्यांच्या संचालक मंडळांत आणि सभागृहांत पक्षाचे आणि मित्रपक्षांचे लोक आजही बसतात. निविदेच्या अटींत सांध्याची गुळगुळीतता, पोलादाची जात आणि चाचणीचा दाब यांची पाने भरलेली असतात. थोरियममुक्त काडीची एक ओळ त्यात घालावयास कोणत्याही नव्या कायद्याची गरज नाही. एखाद्या जिल्ह्याच्या दूध संघाने ती ओळ घातली तरी त्या जिल्ह्यातील ठेकेदार दोन प्रकारच्या पेट्या बाळगण्याची यातायात न करता एकच पेटी, निळी, ठेवू लागतील.

ब्रिटनच्या आरोग्य व सुरक्षा यंत्रणेने थोरियमच्या काड्या हाताळण्याविषयी स्वतंत्र सूचना काढल्या आहेत आणि आंतरराष्ट्रीय वेल्डिंग संस्थेच्या आरोग्यविषयक आयोगानेही पर्यायी काड्यांची बाजू घेतली आहे; म्हणजे हा कोणा लाल निशाणवाल्यांचा हट्ट नव्हे. त्या सूचनांचा गाभा साधा आहे: शक्य तेथे दुसरी काडी, लाल वापरावीच लागली तर घासण्यासाठी धूळ ओढून घेणारा वेगळा ग्राइंडर, धूळ कोरडी झाडू नये, ओल्या फडक्याने टिपावी अथवा योग्य यंत्राने ओढावी, त्या जागी खाणे-पिणे नको, उरलेले बुडखे भंगारात जाऊ नयेत. यांतल्या शेवटच्या कलमाकडे येथे कोणाचेच लक्ष नाही. टंगस्टनला भंगारात भाव चांगला मिळतो, म्हणून बुडखे डब्यात साठवून विकले जातात, आणि भंगारवाल्याच्या दारात ते निवडणारे हात पुष्कळदा स्त्रियांचे व मुलांचे असतात.

लाल काडी बंद झाली म्हणजे आर्गॉन वेल्डरचे फुप्फुस सुरक्षित झाले असेही नाही. स्टेनलेसच्या धुरातला क्रोमियम आणि आर्कभोवती तयार होणारा ओझोन राहतोच. वेल्डिंगचा धूर कर्करोगकारक असल्याचा निर्णय जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१७ साली दिला आहे. टाकीच्या आत उतरून काम करताना हवेपेक्षा जड असलेला आर्गॉन तळाशी साचून माणूस गुदमरतो, हा तर त्याहून तातडीचा प्रश्न आहे. त्या प्रश्नांना पंखे, नळ, बाहेर उभा राखणदार आणि खर्च लागतो, आणि ते लढे लांबणार आहेत. काडीचा प्रश्न मात्र पुढच्या मागणी-चिठ्ठीवर एक शब्द बदलून सुटण्याजोगा आहे. ती चिठ्ठी दर महिन्याला स्टोअरमध्ये जाते. तिच्यावर वेल्डरची सही असावी, आणि काडीचा रंग त्याने आपल्या हाताने लिहावा, ही मागणी येत्या करारात घालता येईल.